तंबू कुठे ठोकावा?

मंडळाच्या उन्हाळी शिबिराची जागा अजून ठरायची आहे. विकलोच्या डोंगरांत जायचे आणि दोन रात्री तंबूत काढायच्या, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. पुढे मात्र दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, वर एखाद्या तळ्याकाठी जाऊ, जिथून रस्तासुद्धा दिसणार नाही. मुलांना खरा डोंगर कळू दे, बागेत तंबू ठोकायचा तर घरामागे काय वाईट? दुसरा तट म्हणतो, नळ, संडास आणि गाडी उभी करायला जागा असलेला रीतसर कॅम्पसाइट बघा. येणाऱ्या पोरांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांच्या आतली आहेत, शिवाय उन्हाळ्यापुरते आलेले आजी-आजोबाही सोबत असणार.

माझा धंदा रसायनशास्त्राचा, इतिहासाचा नव्हे. पण पत्रिकेसाठी काही लिहून द्या असा निरोप आला तेव्हा वाटले, वाद घालण्यापूर्वी या डोंगरांत आजवर कोणी कुठे मुक्काम केला ते तरी पाहावे. हे डोंगर काही ओसाड नव्हेत. चौदाशे वर्षे तिथे माणसे राहत, लपत, राबत आली आहेत. त्यांतले वर कोण राहिले आणि खाली कोण, एवढे पाहिले तरी आपल्या वादाचे बरेचसे उत्तर मिळते, असे माझे मत झाले आहे. ते पटते का पाहा.

आधी एक गैरसमज दूर करू. विकलोतले सर्वांत उंच शिखर लगनाक्विला, ९२५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला ही टेकाडेच वाटतात आणि तिथेच फसगत होते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते, म्हणजे सॅली गॅपच्या सुमारे ५०० मीटर उंचीवर डब्लिनपेक्षा तीनेक अंश थंडी जास्त. वारा निराळाच. आणि पाऊस मुंबईसारखा चार महिने कोसळून मोकळा होत नाही; तो बाराही महिने थोडा थोडा, आडवा येतो.

आता ग्लेंडालॉख. नावाचा अर्थ दोन तळ्यांची दरी. आपल्यापैकी बहुतेकांनी तो उंच गोल मनोरा आणि दगडी चर्च पाहिले आहे, पाहुणे आले की आपण त्यांना तिथेच नेतो. सहाव्या शतकात संत केविन इथे आला तो एकांतासाठी. वरच्या तळ्याच्या कड्यात पाण्यापासून बरीच उंच अशी एक छोटीशी गुहा आहे, तिला केविनचे अंथरूण म्हणतात. एक माणूस कसाबसा पडू शकेल एवढीच जागा. एकट्या तपस्व्याला ती पुरली. पण पुढे शिष्य आले, मठ वाढला, कारागीर आले, गुरेढोरे आली, तेव्हा वस्ती काही त्या कड्यावर झाली नाही. ती झाली खाली, दरी रुंद होते आणि दोन ओढे एकत्र येतात त्या सपाटीवर. आज आपण जे अवशेष पाहतो त्यांतले बहुतेक तिथले आहेत. तिथे एक खळगा असलेला दगडही आहे. आई मेलेल्या तान्ह्या बाळांसाठी एक हरिणी रोज येऊन त्या खळग्यात दूध सोडून जाई, अशी केविनची आख्यायिका सांगतात. आख्यायिकाच ती, पण लक्षात घ्या, तान्ही बाळे गोष्टीतसुद्धा खालच्या दरीतच आहेत, गुहेत नाहीत.

वरच्या उंचीची खरी किंमत सांगणारी गोष्ट १५९२ च्या जानेवारीतली. अल्स्टरच्या दोन मोठ्या घराण्यांतले तरुण, ह्यू रो ओडॉनेल आणि आर्ट ओनील, डब्लिन कॅसलमध्ये इंग्रजांच्या कैदेत होते. ऐन थंडीत ते निसटले आणि डोंगरातून ग्लेनमलूरच्या दिशेने निघाले. तिथे फियाख मॅकह्यू ओबर्न हा विकलोचा सरदार होता. त्याने १५८० साली त्याच दरीत इंग्रज फौजेची दाणादाण उडवली होती, म्हणून तिथे आसरा मिळणार याची त्यांना खात्री होती. (आग्र्याहून सुटका आपल्याला पाठ असते, ही सुटका इथल्या मुलांना पाठ असते.) पण बर्फ पडत होते आणि अंगावर थंडीला पुरतील असे कपडे नव्हते. फियाखची माणसे शोधत पोहोचली तोवर आर्ट ओनील मरणाच्या दारात होता. तो तिथेच गेला. ह्यू वाचला, पण थंडीने बधिर झालेले पायाचे दोन्ही अंगठे काढावे लागले. ओनील जिथे गेला असे मानतात तिथे आज क्रूस उभा आहे, आणि त्यांच्या वाटेवरून दर जानेवारीत हौशी लोक रात्रीची चाल करतात.

धट्टेकट्टे तरुण एवढ्यात का हरले? साधे भौतिकशास्त्र आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेला कपडा हा कपडा राहत नाही, उष्णता बाहेर नेणारी नळी होतो. वरून वारा लागला की बाष्पीभवनाने आणखी थंडावा. लहान मुलाच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची: शरीर जितके लहान तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. आणि तीन वर्षांचे पोर “मला थंडी वाजते” असे म्हणत नाही, ते नुसते चिडचिड करते आणि मग गप्प बसते. ते गप्प बसणे धोक्याचे. हे फक्त बर्फात होते असे नाही. जुलैत दहा अंश, पाऊस आणि वारा एवढे पुरते. म्हणून माझी पहिली अट: भिजलेले पोर दहा मिनिटांत कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागेत नेता आले पाहिजे. वरच्या तळ्याकाठी तशी जागा नाही.

त्यानंतर वर राहायला आले ते हुकमाने आलेले. १७९८ चा उठाव मोडला तरी मायकेल ड्वायर आणि त्याचे साथीदार विकलोच्या कड्याकपारींत लपून लढत राहिले. त्यांना पकडायला फौजेला वाटच नव्हती, म्हणून सरकारने डोंगरमाथ्यावरून रस्ता काढायला घेतला. १८०० मध्ये काम सुरू, १८०९ मध्ये पूर्ण. आखणी अलेक्झांडर टेलर या स्कॉटिश सर्वेक्षकाची, राबले बरेचसे सैनिकच. गंमत अशी की ड्वायर १८०३ च्या डिसेंबरातच शरण आला होता. ज्याच्यासाठी रस्ता, तो सापडल्यावर सहा वर्षांनी रस्ता तयार! (सरकारी कामाचा हा नमुना आपल्याला अगदीच अनोळखी नाही.) रथफार्नमहून सॅली गॅपवरून लारा आणि पुढे अखावानापर्यंत जाणारा हा मिलिटरी रोड. आपण दर रविवारी ज्या रस्त्याने मुलांना डोंगर दाखवायला नेतो तो बंडखोरांच्या मागावर काढलेला आहे.

त्या रस्त्यावर ठिकठिकाणी बराकी बांधल्या. त्यांतली ग्लेनक्रीची बराक आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे, म्हणून जरा थांबतो. सैनिक गेल्यावर १८५८ मध्ये तिथे मुलांचे सुधारगृह सुरू झाले. ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालवलेले, गुन्हा केलेल्या शहरी पोरांसाठी. दलदलीची माळजमीन लागवडीखाली आणण्याचे काम त्या पोरांनी केले. १९४० पर्यंत ते तिथे होते, मग डेंगनला हलवले. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे त्या उंचीवर मुले राहिली, पण आईबापांशिवाय आणि स्वतःच्या मर्जीशिवाय.

दुसरे महायुद्ध संपल्यावर त्याच इमारतीत वेगळी मुले आली. आयरिश रेड क्रॉसने १९४६ मध्ये ‘ऑपरेशन शॅमरॉक’ या नावाने युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीतून चारशेहून अधिक मुले आणली. कोणाचे घर गेलेले, कोणाचे वडील, कोणी नुसतेच उपाशी. त्यांना आधी ग्लेनक्रीला ठेवून तब्येती पाहत, खाऊपिऊ घालत आणि मग देशभरच्या कुटुंबांत पाठवत. कित्येक मुले दोन-तीन वर्षे राहून परत गेली, काही इथेच राहिली. परत गेलेल्यांपैकी काही जर्मन विसरून गेली होती आणि स्टेशनवर उतरल्यावर आईशी त्यांना बोलता येईना. मराठी शाळेच्या शनिवारच्या वर्गाला कंटाळा करणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम सांगतो. असो. आज तिथे १९७४ साली स्थापन झालेले शांतता केंद्र आहे आणि शेजारी जर्मन दफनभूमी. आवर्जून थांबावे असे ठिकाण आहे, पण मुक्कामाला नव्हे. जर्मन मुलांनासुद्धा तिथे कायमचे ठेवले नाही, खाली माणसांत नेले.

आता माझ्या विषयाकडे येतो. ग्लेंडालॉखच्या वरच्या तळ्यापलीकडे आणि शेजारच्या ग्लेंडासन दरीत पडक्या भिंती आणि करड्या रेतीचे ढीग दिसतात. मुलांना ते ढीग फार आवडतात, घसरगुंडीसारखे असतात ना! ते शिशाच्या खाणींचे अवशेष आहेत. १८०० नंतरच्या पहिल्या दशकात इथे शिशाची शीर सापडली, १८२० च्या दशकापासून ‘मायनिंग कंपनी ऑफ आयर्लंड’ने मोठ्या प्रमाणावर काम चालवले, आणि चढउतार होत ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कसेबसे टिकले. खाणीला लाकूड लागे म्हणून कंपनीने दरीच्या उतारावर पाइन लावले. आज आपण ज्यांचे फोटो काढतो ती झाडे त्यांतली. खनिज वितळवायला डब्लिनच्या दक्षिणेला बॅलिकोरसला नेत. तिथल्या टेकडीवर एक जुनी चिमणी अजून उभी आहे, मोटारवेवरूनही दिसते. भट्टीपासून त्या चिमणीपर्यंत डोंगरावर चढत गेलेले लांबलचक धुराडे होते. धुरातले शिसे त्याच्या भिंतींवर बसे आणि माणसे आत शिरून ते खरवडून काढत. त्या माणसांचे काय होत असेल ते सांगायला रसायनशास्त्राची पदवी नको.

ग्लेंडासनचे खनिज म्हणजे गॅलिना, शिशाचे सल्फाइड. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पूर्वी लोकांना निर्धोक वाटे. पण खनिज कुटून बारीक केल्यावर उरलेला चुरा शंभर-दीडशे वर्षे उघड्यावर पडला की हवा-पाण्याने त्याची इतर संयुगे होतात आणि ती पोटातल्या आम्लात सहज विरघळतात. मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. मुलांचे हात रेतीतून सरळ तोंडात जातात हे वेगळे सांगायला नको. आणि “ओढ्याचे पाणी उकळून घेऊ” असे जे सुचवले गेले आहे त्यावर: उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. पाणी आटले तर उलट त्याचे प्रमाण वाढते. ढिगांशेजारून बेताने फिरून आल्याने काही होत नाही. पण दोन दिवस तिथे खेळायचे, तेच पाणी प्यायचे आणि तिथेच पोळ्या लाटायच्या, याला मी संमती देणार नाही. मंडळाने दिली तर माझा विरोध वृत्तांतात नोंदवावा.

मग डोंगरात हौसेने, सुखाने राहायला कोण गेले? ही गोष्ट अगदी अलीकडची आहे आणि तिची सुरुवात आयर्लंडमध्ये झाली याची मला तरी कल्पना नव्हती. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. तो नऊ वर्षांचा असताना, १८५३ मध्ये, त्याचे कुटुंब इंग्लंड सोडून अमेरिकेला निघाले; मिसिसिपीकाठी सुमारे तीनशे जणांबरोबर पाच आठवडे तंबूत राहिले आणि मग बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर माळराने ओलांडत गेले. म्हणजे हौशी कॅम्पिंगचा हा जनक मुळात एका स्थलांतरित घरातले तंबूत वाढलेले पोर! पुढे कुटुंब परत आले, तो शिंपी झाला, आणि त्याने सायकलवर बांधून नेता येईल असा हलका तंबू शिवला. १८९७ मध्ये तो सोबत्यांसह आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनेमाराच्या डोंगरांत सायकलवर फिरला, १८९८ मध्ये त्यावर पुस्तक काढले, आणि ते वाचून उत्साही झालेल्या लोकांतून १९०१ मध्ये सायकलवाल्या कॅम्पकरांची संघटना उभी राहिली. तीच आजच्या ब्रिटनमधल्या मोठ्या कॅम्पिंग क्लबची मूळ संस्था. १९०८ मध्ये त्याने कॅम्पकरांसाठी एक जाडजूड मार्गदर्शकही लिहिले.

इथे १९३१ मध्ये ‘आन ओगे’ म्हणजे ‘तरुणाई’ ही वसतिगृह चळवळ सुरू झाली. शहरातल्या पोरापोरींना स्वस्तात डोंगरात छप्पर मिळावे हा हेतू. या संस्थेला ग्लेनमलूरमधले आपले घर देणारी बाई होती डॉक्टर कॅथलीन लिन. १९१६ च्या उठावात भाग घेतलेली, आणि १९१९ मध्ये डब्लिनच्या गरीब वस्तीतल्या तान्ह्या मुलांसाठी सेंट अल्टन्स हे रुग्णालय काढणारी. मोकळ्या हवेवर तिचा इतका विश्वास की ती स्वतः घराच्या बाल्कनीत झोपे. मुलांना डोंगराची हवा हवीच असे म्हणणाऱ्या तटाला मी ही साक्षीदार खुशाल देतो. फक्त तिने डोंगरात दिले ते छप्पर असलेले घर होते आणि तेही दरीत, हे सोबत नोंदवतो.

हौशी माणसांच्या फार पूर्वीपासून या देशात बायकामुलांसह तंबूत राहणारे लोक होते, ते म्हणजे ट्रॅव्हलर. हेझलच्या लवचिक काठ्या वाकवून त्यावर कॅनव्हास टाकलेली त्यांची पाले असत. होय, आपल्याकडची पालेच. वारा अडवणारे कुंपण, जवळ पाणी, घोड्याला गवत आणि रस्त्याशी सोयीचे, अशी त्यांची जागा असे, माथ्यावर नसे. मुलांसह तंबूत राहण्याचे खरे जाणकार तेच. १९६३ च्या सरकारी अहवालाने त्यांच्या भटकण्याकडेच सोडवायची समस्या म्हणून पाहिले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर मुक्काम टाकणे २००२ च्या कायद्याने गुन्हा ठरला. स्वतंत्र वांशिक समाज म्हणून सरकारने त्यांना मान्यता दिली ती १ मार्च २०१७ ला. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना १९५२ मध्ये मोकळे केले आणि तरी पालावरच्या माणसाकडे पाहण्याची नजर बदलली नाही, हे आपण जाणतोच. आपण दोन रात्री हौस म्हणून तंबूत राहणार, पैसे देऊन, पावती घेऊन; तेवढे भान असावे.

परवानगीचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. विकलो राष्ट्रीय उद्यान १९९१ मध्ये झाले. तिथे उघड्या डोंगरात तंबू ठोकण्याला नियमावली आहे, जाळ पेटवायला बंदी आहे, आणि ग्लेंडालॉखच्या तळ्याकाठी मुक्काम करू देत नाहीत. बारा-पंधरा कुटुंबांचा तांडा, ढोलकी आणि मोठे पातेले घेऊन उद्यानात “शांतपणे” राहील, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

या बाबतीत आपल्या घरचे शहाणपणही कमी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहा, असा दंडक आहे. आणि शिवाजी महाराजांचे १६७० च्या दशकातले चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेले पत्र कोणत्याही कॅम्पसाइटच्या फाटकावर लावावे असे आहे. चारा आत्ताच उधळू नका, स्वयंपाकाचे आणि चिलमीचे विस्तव सांभाळा, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात उचलून गवतात नेईल. आणि गावकऱ्यांकडून काही हिसकावू नका, बाजारातून विकत आणा. तीनशेहून अधिक वर्षे झाली, यात एक कलम वाढवायचे आहे, आणि ते माझ्या विषयातले आहे. पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी, विझत आलेली बार्बेक्यूसुद्धा, तंबूत घ्यायची नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेले मूल झोपेतच जाते. गॅसची शेगडीही आत नको.

तर माझे मत खालच्या दरीला. लाराच्या किंवा राउंडवुडच्या बाजूचा, परवान्याचा कॅम्पसाइट, आणि दिवसा वर चढायला मोकळे. ज्यांना वरचे तळे पाहायचे आहे त्यांनी पहाटे निघावे, मीही येतो. आर्ट ओनीलच्या क्रुसापर्यंतची वाट मला चालायचीच आहे. पण रात्री सगळी पोरे एका नळाच्या आसपास असावीत.

जागा पाहायला पुढच्या रविवारी दोन गाड्या जात आहेत. जाणाऱ्यांनी एवढे पाहावे: नळाचे पाणी पिण्याचे आहे असे लेखी सांगतात का. तंबूची जागा ओढ्याच्या पातळीपेक्षा कितपत वर आहे आणि पाऊस पडून गेल्यावर बूट जमिनीत रुततो का. पश्चिमेचा वारा अडवायला झाडे किंवा भिंत आहे का. तिथे मोबाइल लागतो का, म्हणजे गरज पडल्यास ११२ फिरवता येईल. गवत कापलेले आहे की नेच्याची झुडपे आहेत, हेही. कारण पॉवर्सकोर्टच्या जमीनदाराने १८६० मध्ये जपानी सिका हरणे आणून सोडली, त्यांची पिलावळ आज सगळ्या विकलोभर आहे, आणि हरणांबरोबर गोचीड. गोचिडीतून लाइम रोग होऊ शकतो, म्हणून मुलांना पायमोजे पँटवर ओढून घालावेत आणि रात्री झोपण्यापूर्वी गुडघ्यामागे, काखेत, केसांत पाहावे. एक बारीक चिमटा प्रत्येक कुटुंबाने आणावा. गॅसची डबी घेताना नुसत्या ब्यूटेनची घेऊ नये. तो शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होणे सोडतो, आणि गारठलेल्या सकाळी चहा होता होत नाही. प्रोपेन मिसळलेली घ्यावी, दोन युरो जास्त पडले तरी.